मोखाड्याचा अंगठा

१

जयवंती भोये रोज सकाळी साडेनऊला मशीनच्या खोलीचं कुलूप काढायची. जव्हारच्या वसतिगृहात ही खोली पूर्वी धान्याची कोठी होती. आता तिथे थंड हवेचं यंत्र बसवलं होतं, खिडकी विटांनी बुजवली होती आणि लोखंडी कपाटात ते मोठं मशीन ठेवलं होतं. पण नागलीचा वास काही गेला नव्हता. भिंतीला नाक लावलं की पोत्यांचा वास यायचा. जयवंतीला तो बरा वाटायचा. त्या खोलीत ओळखीचं असं तेवढंच होतं.

झाडू मारायचा, कपाटावरची धूळ ओल्या नाही, कोरड्याच फडक्यानं पुसायची, मग दाराशेजारच्या काचेवर अंगठा ठेवायचा. हिरवा दिवा लागतो, टिंग वाजतं, हजेरी पडते. जूनपासून हेच चाललं होतं. त्यात डोकं लागत नव्हतं आणि तिच्या डोक्याला दुसरी कामं होती.

श्रावणातल्या त्या सोमवारी दिवा लाल लागला.

तिनं अंगठा पदराला पुसून पुन्हा ठेवला. लाल. चुलीच्या राखेनं घासून आली, पुन्हा ठेवला. लाल. छोट्या पडद्यावर अक्षरं आली. चौथीपर्यंत शिकलेली बाई होती ती, वाचता येत होतं.

"जयवंती देवराम भोये. आधीच हजर. मोखाडा. १०:०७."

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहाला दोन मिनिटं कमी होती.

"मेल्या," ती मशीनला म्हणाली, "अजून दहा वाजायचेत. मी मोखाड्यात जाऊन आले पण?"

कपाटातला पंखा घुमत होता. बाकी काही नाही.

२

अधीक्षक उमेश सर खुर्चीत बसून पेपर वाचत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेपराची घडी न मोडता म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही, जयवंतीबाई."

"मग मी बोलते?"

"तसं नाही म्हणत मी."

"तसंच म्हणताय. मी तुमच्यासमोर उभी आहे. सकाळी तुमचा चहा कुणी आणला? मोखाड्याहून आला का तो चहा?"

उमेश सरांनी कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं आणि त्यांचा चेहरा जरा उतरला. पडदा त्यांनी तिच्याकडे वळवला. जून ते ऑगस्ट, जव्हारच्या रकान्यात तिच्या नावापुढे सगळं कोरं होतं. परवापर्यंत तिथे हिरव्या खुणा होत्या, तिनं स्वतः पाहिल्या होत्या. आता सगळ्या खुणा शेजारच्या रकान्यात गेल्या होत्या. मोखाडा, हजर. मोखाडा, हजर. एक दिवस चुकलेला नाही.

"म्हणजे जव्हारला तुम्ही आलाच नाहीत," सर हळूच म्हणाले.

हे ऐकून जयवंतीचं रक्त उसळलं, त्याला कारण होतं. सह्यकडा वसतिगृह मंडळात ती चौदा वर्षं रोजंदारीवर राबत होती. तेरा वर्षं मोखाड्याच्या स्वयंपाकघरात, आणि जूनपासून जव्हारला. चौदा वर्षांत मंडळानं एकदाही कायम करण्याची यादी काढली नव्हती. ती या गुरुवारी निघणार होती. दुपारी एक वाजता, मशीनमधून, आपोआप. जव्हारच्या दोन जागा होत्या आणि एक तिची होती. जी जव्हारला हजर, तिची. जी नाही, तिनं पुन्हा चौदा वर्षं थांबायचं. तोवर ती साठीला टेकली असती.

"सर, हे नीट करून घ्या," ती म्हणाली. "नाहीतर ते कपाट मी उचलून शिरपामाळाच्या टेकडीवर नेते आणि खाली ढकलून देते. मग म्हणा, मशीन खोटं बोलत नाही."

उमेश सरांनी ठाण्याला फोन लावला.

३

मंगळवारी ठाण्याहून धर्मेंद्र आला. पस्तिशीचा, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, एसटीच्या धक्क्यांनी हैराण झालेला. जयवंतीनं त्याला पाणी दिलं आणि स्टूल घेऊन त्याच्या पाठीशी बसली.

"मावशी, तुम्ही बसायची गरज नाही. वेळ लागेल."

"नाव माझं गेलंय. बसणार."

तो हसला. माणूस वाईट नव्हता. बोटं चालवता चालवता तिला समजेल असं सांगत गेला. सगळ्यांची ओळख, म्हणजे नाव, अंगठा, हजेरी, जव्हारच्या या मोठ्या मशीनमध्ये राहते. तिची एक प्रत मोखाड्याच्या मशीनमध्ये. दोघांनी टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांना सांगत राहायचं, इकडे काय झालं, तिकडे काय झालं. मग दोन्हीकडे सारखं राहतं.

"आणि एकानं दुसऱ्याला शोधायचं कसं? तर त्यासाठी एक वही असते. तिला नाव सांगितलं, मोखाडा, की ती पत्ता देते. त्या पत्त्यावर जाऊन हाक मारायची."

"बरं. मग?"

"मग काय, वहीत पत्ता चुकलाय. तिकडचं इकडे येतंय, पण इकडचं तिकडे जात नाही. म्हणजे मोखाडा जे सांगेल ते जव्हार मान्य करतं. जव्हारचं मोखाडा ऐकतच नाही."

"माझ्या सासूसारखं," जयवंती म्हणाली.

तो मोठ्यानं हसला. मग हसता हसता थांबला. पडद्याजवळ झुकला. काहीतरी टाइप केलं, थांबला, पुन्हा तेच टाइप केलं.

"काय झालं?"

"काही नाही. हा जो चुकीचा पत्ता आहे ना, तिथे कुठलंच मशीन नाहीये. मंडळाकडे दोनच मशीनं आहेत. पण मी हाक मारली तर..." त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "उत्तर येतंय."

"कोण देतंय?"

"तेच कळत नाही. नाव विचारलं तर जव्हार सांगतंय. म्हणजे आपलंच." त्यानं मानेला हात लावला. "असेल काहीतरी जुनं राहिलेलं. पुसून टाकतो."

त्यानं वहीतला पत्ता बदलला. कपाटातले दिवे भराभरा लुकलुकले. तो म्हणाला, झालं, आता दोघं नीट बोलतील. जयवंतीनं त्याला नागलीची भाकर आणि सुकटाची चटणी वाढली. त्यानं तीन भाकरी खाल्ल्या आणि मंडळाच्या पाहुण्यांच्या खोलीत आडवा झाला.

तिला वाटलं, मिटलं एकदाचं.

४

बुधवारी सकाळी पुन्हा लाल.

आज ती ओरडली नाही. सरळ ऑफिसात गेली, उमेश सरांच्या पुढ्यातला फोन उचलला आणि मोखाड्याला लावला. सर "अहो, अहो" म्हणत राहिले.

मोखाड्याचा कारकून रमेश. हा रमेश म्हणजे स्वयंपाकघराच्या समोरच्या ऑफिसात बसून तेरा वर्षांत कधी अंगण ओलांडून आला नाही असा माणूस.

"रमेशभाऊ, माझ्या नावावर तिकडे अंगठा कोण लावतं?"

"तूच लावतेस की. रोज पडतो."

"मी जव्हारला आहे! जूनपासून!"

"मी काय माणसं बघतो का, बाई? मी मशीन बघतो. तिकडे हिरवं आलं की माझं काम झालं."

तिनं दात आवळले. "माझी नोंद तिकडे झालीच कशी? मे महिन्यात तुम्ही सगळ्यांचे अंगठे घेतले तेव्हा मी माहेरी, पोशेऱ्याला होते. आईचे दिवस होते. म्हणून तर जूनला इथं नव्यानं अंगठा दिला मी."

रमेशनं आठवून सांगितलं. त्या दिवशी ऑफिसच्या दारात टेबल टाकलं होतं. तो नावं पुकारत होता. बायका एकेक येऊन अंगठा ठेवत होत्या. जयवंती देवराम भोये पुकारलं. मागून "हजर" आलं. अंगठा पडला. पुढचं नाव.

जयवंतीला पुढचं विचारायची गरज उरली नाही. कारण हे तिला माहीत होतं. मोखाड्याच्या स्वयंपाकघरातली ती जुनी रीत. कुणाचं पोर तापलं, कुणाला भाताच्या आवणीला जावं लागलं, की दुसरीनं तिच्या नावाला "हजर" म्हणायचं. गोजाबाई तिच्यासाठी म्हणायची, ती गोजाबाईसाठी, दोघी चैतीसाठी. त्यात कुणाला लाज नव्हती. रोजंदारीच्या बाईला रजा नसते, तर बायकांनी स्वतःची रजा अशी करून घेतली होती. कागदावर हजेरी होती तोवर हे खपलं. पण अंगठ्याला "हजर" म्हणायला गेलेली बाई किती खुळी!

"गोजाबाईचंच काम," ती म्हणाली. "आवाज ओळखला असशील."

"आवाज?" रमेश म्हणाला. "आवाज तं तुझाच होता."

तिनं फोन आपटला. इतका, की उमेश सरांनी तो उचलून कानाला लावून पाहिला, चालतोय का म्हणून.

रागात स्वयंपाकघरात जाऊन तिनं कांदे चिरायला घेतले आणि तिसऱ्याच कांद्याला अंगठा कापून घेतला. उजवा, आडवा, खोल. चिंधी बांधली. रक्त काही वेळ थांबेना.

५

"मावशी, इकडे या जरा," धर्मेंद्रनं हाक मारली. आज त्याच्या आवाजात हसू नव्हतं.

खोलीचं दार त्यानं लावून घेतलं. तेवढ्यात वीज गेली. भारनियमनाची वेळ झाली होती. कपाटाच्या तळातली बॅटरी दर पाच सेकंदांना पिप करायला लागली. दिवा नाही, फक्त पडद्याचा निळा उजेड.

"गोजाबाईचा अंगठा असता तर दोन अंगठे वेगळे दिसले असते," तो म्हणाला. "मी दोन्ही काढून बघितले. हा तुमचा, जव्हारचा. हा मोखाड्याचा."

पडद्यावर दोन काळे ठिपके होते, भोवऱ्यासारख्या रेघांचे. जयवंतीला त्यातलं काही कळत नव्हतं. पण डाव्या बाजूची ती तिरकी पांढरी रेघ कळली. लहानपणी गवत कापताना विळा लागला होता, त्याची खूण. दोन्ही अंगठ्यांवर होती.

"म्हणजे माझाच आहे की."

"हो. तुमचाच." पिप. "आता मोखाड्याचा कालचा बघा. मंगळवारचा."

तोच अंगठा. तीच तिरकी खूण. आणि तिच्या खाली, आडवी, रुंद, काठ फाटलेली दुसरी रेघ. ओली जखम काचेवर टेकली की उमटते तशी.

जयवंतीनं स्वतःचा चिंधी बांधलेला अंगठा वर धरला. चिंधीतून अजून लाल येत होतं.

"मी आज कापून घेतलाय. आता. अर्धा तास झाला."

"हं."

"मग काल कसा?"

"मोखाड्याचं घड्याळ पुढे आहे," धर्मेंद्र घाईनं म्हणाला. वाट पाहत असल्यासारखा. "म्हणून तर दहाला दोन मिनिटं असताना दहा सात दिसलं तुम्हाला. नऊ मिनिटं पुढे आहे."

"नऊ मिनिटं ना? दिवस नाही?"

त्यानं पडद्यावरची तारीख पुन्हा वाचली. पिप. पिप.

"तू शिकलेला आहेस," जयवंती म्हणाली. "शिकलेल्या माणसानं काहीतरी सांगावं. मी ऐकून घेईन. खोटं असलं तरी ऐकून घेईन."

त्यानं चष्मा काढून पुसला. "तारखांचा घोटाळा असेल. चित्र आजचं, तारीख कालची पडली असेल. होतं असं." मग जरा थांबून, "मावशी, एवढं मात्र नक्की सांगतो. एका नावाच्या दोन नोंदी भांडायला लागल्या तर मशीन एकच ठेवतं. जी शेवटची, ती खरी. मोखाड्याचं घड्याळ पुढे, म्हणून ती नेहमी तुमच्यानंतरची ठरते. तुम्ही काही करा, ती नंतर आलेली असते. मी आता दोन्ही घड्याळं सारखी करतो. तिला तो फायदा राहणार नाही."

"तिला?"

"म्हणजे, त्या नोंदीला."

दोघंही त्या दोन अंगठ्यांकडे बघत राहिले. जयवंतीला भीती वाटत होती का? वाटत असेल. पण भीतीला जागा मिळू नये इतका संताप तिच्या अंगात भरला होता. चौदा वर्षं तिनं ढिगानं भाकऱ्या थापल्या. कुणी नाव विचारलं नाही, मावशी म्हणून भागलं. आता कुठं नावाला काही किंमत आली, तर लगेच दुसरी कोणीतरी त्यावर येऊन बसली.

"उद्या मी मोखाड्याला जाते," ती म्हणाली. "बघते तोंड कसं आहे तिचं."

धर्मेंद्रनं तिला अडवायला हवं होतं, असं नंतर कुणालाही वाटेल. पण त्यालाही तिकडे कुणीतरी हवंच होतं. ठरलं ते असं. ती मोखाड्याला पोचली की रमेशसमोर अंगठा ठेवायचा, रमेशनं मशीन बंद करायचं, मग धर्मेंद्र इकडून मोखाड्याची प्रत पुसून जव्हारवरून नवी पाठवणार. एकच्या आत.

६

गुरुवारी सकाळी अकराची गाडी वेळेवर निघाली. धुकं होतं. काचेवर आतून बोटं फिरवली तरच बाहेरचं दिसत होतं.

ती ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, खिडकीशी बसली. शेजारी पोशेऱ्याची बाळी येऊन बसली. तिच्या माहेरच्या आळीतली, बोलकी बाई. आज मात्र ती जयवंतीकडे बघून गप्पच राहिली.

"काय गं, बोलत नाहीस?"

"काय बोलू? परवा मोखाड्याच्या बाजारात मी तुझ्याशी इतकी बोलली, तं तू वळखसुद्धा दाखवली नाय. उलट माझ्याच अंगावर आलीस. माझं नाव कुणी घेतलं, म्हणून."

"परवा मी जव्हारला होते."

"मग माझे डोळे फुटलेत म्हण," बाळी म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

घाटातल्या अरुंद वळणावर समोरून एसटी आली. मोखाड्याहून जव्हारला जाणारी. दोन्ही गाड्या थांबल्या. यांच्या ड्रायव्हरनं गाडी डोंगराच्या अंगाला घेतली, ती गाडी हळूहळू पुढं सरकू लागली. खिडकीला खिडकी लागून चालली होती, हात लांबवला तर पोचेल इतकी जवळ. जयवंतीनं काचेवरचं धुकं पुसलं.

त्या गाडीतही ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, खिडकीशी कोणी बाई बसली होती. तिच्याकडची काच धुरकट होती. चेहरा दिसेना. बाईनं आतून काच पुसायला हात वर केला. फक्त हात दिसला. काळाभोर, कष्टाचा हात. अंगठ्याला चिंधी बांधलेली.

तिनं काच पुरती पुसायच्या आत गाडी पुढे निघून गेली.

"गाडी थांबवा!" जयवंती ओरडली.

"घाटात?" कंडक्टर म्हणाला. "बाई, वेड लागलं का? खाली बसा."

ती बसली. वाटेत कितीतरी चिंध्या बांधलेले अंगठे असतात. शेतातली बायामाणसं, कोयत्याची कामं. तिनं स्वतःला हे तीनदा सांगितलं. तीनदा सांगावं लागलं, याचाच तिला जास्त राग आला.

७

मोखाड्याच्या वसतिगृहाचं अंगण तसंच होतं. चुलीचा धूर, भिंतीला टेकवलेल्या पराती. गोजाबाई वरई निवडत बसली होती. जयवंती पायरीशी जाऊन उभी राहिली. गोजाबाईनं वर पाहिलं आणि परत खाली मान घातली.

"गाडी चुकली काय?"

"कुठली गाडी?"

"जव्हारची. आताच तं गेलीस."

जयवंतीनं मागं वळून रस्त्याकडे पाहिलं. पण ती ज्याच्यासाठी आली होती ते आधी विचारायचंच होतं. "मे महिन्यात माझ्या नावाला हजर कोण म्हणालं? तू?"

"मी कशाला म्हणू?"

"चैती?"

"चैती म्हणली, गोजाबाईनं म्हटलं आसंल. मला वाटलं, चैतीनं. मग आम्ही बघितलं तं तू मागं उभीच होतीस. आईच्या दिवसांतून लवकर आले, म्हणालीस."

"मी आले नव्हते, गोजा."

गोजाबाईनं सूप बाजूला ठेवलं. आता तिनं नीट पाहिलं. जयवंतीच्या लुगड्याकडे, पायांतल्या चिखलाकडे, अंगठ्याकडे. तिच्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी बदलत गेलं.

"जूनला तुझी बदली झाली," ती हळू म्हणाली, "आणि आठ दिवसांनी तू परत आलीस. जव्हारचं पाणी सोसत नाय, म्हणालीस. आम्ही काय विचारणार? बरंच झालं की. हात कमीच होते."

"आणि आज कुठं गेली ती?"

"भांडायला."

"कुणाशी?"

गोजाबाईनं पदर तोंडाला लावला. "सकाळपासून नुसती पेटली होतीस. म्हणालीस, जव्हारला कुणीतरी बया माझ्या नावावर जाऊन बसलीय. चौदा वर्षं मी राबले नि नाव ती खाणार. बघते तोंड कसं आहे तिचं."

८

जयवंती धावत अंगण ओलांडून ऑफिसात गेली. रमेशला बाजूला ढकलून तिनं फोन ओढला. रमेशच्या मशीनच्या घड्याळात साडेबारा झाले होते. आज ते बरोबर होतं.

पलीकडे धर्मेंद्र होता.

"पुसू नको!" ती म्हणाली. "दादा, काही पुसू नको! मी मोखाड्याला आहे, इकडचं पुसलंस तर मीच जाईन!"

तारेत खरखर होती. पाठीमागे बॅटरीची पिप, पिप.

"कोण बोलतंय?" धर्मेंद्र म्हणाला.

"जयवंती! भाकर विसरलास का माझी?"

"मावशी तर..." त्याचा आवाज एकदम लहान झाला. "मावशी तर परत आल्या. गाडी बिघडली म्हणाल्या. इथं स्टुलावर बसल्यात. माझ्या पाठीशी."

"मागं बघ. नीट बघ तिच्याकडे."

तो वळला असावा. खुर्ची करकरली. त्यानं काय पाहिलं, ते त्यानं त्या वेळी सांगितलं नाही आणि पुढेही कुणाला सांगितलं नाही.

"पुसता येत नाहीये," तो शेवटी बोलला, कुजबुजत. "मी केव्हापासून करतोय. मशीन म्हणतंय, दोन्ही चालू आहेत. घड्याळं सारखी आहेत. एक वाजता यादी निघेल. शेवटचा अंगठा जिचा, नाव तिचंच राहील. दुसरी..."

पुढं ऐकायला ती थांबली नाही. दाताने चिंधीची गाठ सोडली आणि रमेशच्या टेबलावरच्या काचेवर अंगठा दाबला. हिरवा. टिंग. हजर.

फोनमधून टिंग आलं.

तिनं पुन्हा दाबला. टिंग. पलीकडून टिंग. पुन्हा. पलीकडून पुन्हा. जखम उघडली होती, काच ओली झाली होती. रमेश दाराला पाठ लावून उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा तो मशीनकडे न बघता माणसाकडे बघत होता. तिच्या तोंडाकडे, आणि मग फोनकडे.

"ही कोण बाई आहे?" फोनमधून कुणीतरी विचारलं. धर्मेंद्रला नाही, तारेच्या या टोकाला. रागानं थरथरणारा, जाड, चुलीच्या धुरानं बसलेला आवाज. रमेशनं तो ऐकला आणि त्याच्या तोंडून "अरे देवा" निघालं.

तो जयवंतीचाच आवाज होता. पण हात थांबला नाही. टिंग. टिंग. तिच्या ध्यानात आलं, की अंगठा उचलल्यावरच नोंद पुरी होते आणि पलीकडचीला नंतरची जागा मिळते. मग उचलायचाच नाही. तिनं अंगठा काचेवर रोवला आणि दुसऱ्या हातानं मनगट दाबून धरलं. हिरवा दिवा लागला तो लागूनच राहिला.

पलीकडचं टिंगही थांबलं.

एक वाजायला अकरा मिनिटं होती. मग आठ. काचेखालून रक्ताचा ओघळ टेबलाच्या कडेपर्यंत गेला. दारात गोजाबाई येऊन उभी राहिली, पण उंबरा ओलांडेना. फोन टेबलावर पडला होता, त्यातून श्वास ऐकू येत होता. दमलेला, नाकातून वाजणारा. जयवंतीनं आपला श्वास रोखून पाहिला. फोनमधला वाजतच राहिला.

"उचल ना गं आता," फोनमधली बाई म्हणाली. राग होताच, पण आता त्यात रडूही होतं. "चौदा वर्षं राबले मी. कुणी नाव विचारलं नाही. माझं एवढं एक नाव, ते तरी सोड."

जयवंतीचं तोंड उघडं राहिलं. हेच बोलायला तिनं ते उघडलं होतं. यातला एक शब्द वेगळा नव्हता.

"तू उचल," ती म्हणाली.

आणि तिनं सगळं अंग त्या अंगठ्यावर टाकलं.